‘आवश्यकतेनुसार’ म्हणजे कधी? मंडळाच्या घटनेचं एक वाचन

तुम्ही परदेशात राहत असाल, तर जवळपासच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचे सभासद असण्याची शक्यता बरीच आहे. वर्गणी भरताना अर्जातल्या एका चौकटीत तुम्ही खूणही केली असेल: ‘मंडळाची घटना मला मान्य आहे.’ ती घटना तुम्ही वाचली आहे का? मी वाचली नव्हती. दोन देशांतल्या तीन गावांत मी मंडळाची सभासद होते आणि तिन्ही वेळा न वाचताच खूण केली. चौथ्या गावात वाचायची पाळी आली, कारण तिथे घटना लिहायचं कामच माझ्या गळ्यात पडलं.

झालं असं. जर्मनीतल्या ज्या विद्यापीठाच्या गावात मी पोस्टडॉक म्हणून काम करते, तिथे गणपती, दिवाळी आणि संक्रांत हे तीन कार्यक्रम दहाएक वर्षं एका काकांच्या दिवाणखान्यात होत होते. मूर्ती काका आणायचे, मोदक काकू करायच्या, पैसे एका डब्यात जमायचे. मग विद्यार्थी वाढले, नोकरीवाली जोडपी आली आणि दिवाणखाना पुरेना. पालिकेचा हॉल नोंदणीकृत संस्थेला सवलतीत मिळतो असं कळलं आणि नोंदणी करायचं ठरलं. नोंदणी म्हटली की घटना आली. ‘तू पीएच.डी. केली आहेस, तुला लिहायची सवय आहे,’ असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा प्रबंध यीस्टच्या पेशींवर आहे, हे कोणी विचारात घेतलं नाही.

मग मी सगळे करतात तेच केलं. ओळखीच्या लोकांकडून तीन मंडळांच्या घटना मागवल्या: एक अमेरिकेतली, एक इंग्लंडमधली, एक जर्मनीतलीच. त्या कापून-चिकटवून आपली घटना तयार करायची, असा बेत होता. पण तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचताना लक्षात आलं, की हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याचे ठरलेले शब्द आहेत, ठरलेली क्रियापदं आहेत आणि ठरलेली मौनंही आहेत. कथा-कवितेची समीक्षा आपण करतो. आपल्याला बांधून ठेवणाऱ्या या गद्याची मात्र कोणी करत नाही. म्हणून हा प्रयत्न. मंडळांची नावं सांगत नाही, कारण दोष कोणा एका मंडळाचा नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात ते सगळेच्या सगळे होते.

सुरुवात उद्देशांच्या कलमापासून करू. तिन्ही घटनांत हे कलम सर्वांत लांब आहे. मराठी भाषा व संस्कृतीचे जतन, संवर्धन व प्रसार; पुढील पिढीवर संस्कार; बंधुभाव वृद्धिंगत करणे. वाक्यं सगळी कर्मणी: जतन ‘करण्यात येईल’, उपक्रम ‘राबवण्यात येतील’. कोण करणार, कोण राबवणार, याचा पत्ता नाही. आणि शेवटी हमखास एक वाक्य येतं: हे मंडळ शहरातील समस्त मराठी बांधवांचे प्रतिनिधित्व करील.

हे वाक्य टंकताना मला पुण्याची सार्वजनिक सभा आठवली. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली ही संस्था. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलची तक्रार हे तिच्या स्थापनेमागचं एक निमित्त. त्या सभेचा एक नियम असा होता, की सभासद होऊ पाहणाऱ्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा: आमच्या वतीने या माणसाने बोलावं, असा. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. मतदानाचा हक्क ही गोष्टच सामान्य माणसाला ठाऊक नव्हती त्या काळात, ‘आम्ही लोकांच्या वतीने बोलतो’ असं म्हणायच्या आधी लोकांना विचारून यायला हवं, हे त्यांना सुचलं होतं. आमच्या मागे त्या दिवशी ३८ माणसं होती आणि त्यातली निम्मी जेवणापुरती येणारी. ‘समस्त मराठी बांधव’ मी खोडलं. खोडताना एक जण म्हणाला, ‘राहू दे ना, काय बिघडतं?’ बिघडतं एवढंच, की उद्या गावात कोणी दुसरा मराठी गट काढला, तर हेच वाक्य दाखवून त्याला फुटीर ठरवता येतं.

दुसरं कलम सभासदत्वाचं. ‘कोणतीही मराठी भाषिक व्यक्ती मंडळाची सभासद होऊ शकेल.’ वाचायला किती साधं! आता आमची ३८ माणसं घ्या. एकीचा नवरा जर्मन; त्याला ‘बसा’, ‘चहा’ आणि ‘पुरे’ एवढं येतं, पण दरवर्षी मांडव तोच उभारतो. एक जण बेळगावचा, घरी कन्नड, शाळा मराठी. एक मुलगी बडोद्याची. तिचं मराठी ऐकून दोघातिघांनी तिला ‘तू नक्की कुठली?’ असं विचारून झालेलं. एक जोडपं नागपूरचं, मातृभाषा हिंदी, पण पुलंच्या कॅसेटी पाठ. आणि इथेच वाढलेली मुलं, ज्यांना मराठी कळतं पण जी उत्तर जर्मनमध्ये देतात. यातलं ‘मराठी भाषिक’ कोण, हे कोण ठरवणार? घटना सांगत नाही. म्हणजे कार्यकारिणी ठरवणार, आणि तेही त्या माणसाशी पटत नसेल तेव्हाच. पटत असताना व्याख्या कोणालाच लागत नाही. आम्ही शेवटी ‘मंडळाचे उद्देश मान्य असलेली कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलं. त्यावर आक्षेप आला, की मग हे मराठी मंडळ कशावरून? आक्षेप खोटा नाही. उत्तर माझ्या मते असं, की मंडळाचं मराठीपण कामकाजाच्या भाषेत असावं, दारावरच्या झडतीत नसावं.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. ‘सर्वसाधारण सभा आवश्यकतेनुसार बोलावण्यात येईल.’ तिन्ही घटनांत हे वाक्य थोड्याफार फरकाने आहे. सोबतीला ‘शक्यतो’ असतंच: निवडणूक शक्यतो दर दोन वर्षांनी, हिशेब शक्यतो वर्षअखेरीस. मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये उतरवलं. इथे संस्थेची घटना, म्हणजे ‘झात्सुंग’, जर्मन भाषेतच स्थानिक न्यायालयाच्या नोंदणी विभागात द्यावी लागते. किमान सात सभासद लागतात. पुढे संख्या तीनच्या खाली गेली, तर नोंदणीचा दर्जा काढून घेतला जातो. आमच्या सात सह्या झाल्या, अर्जावरच्या सह्या नोटरीसमोर झाल्या, कागद गेले आणि तीन आठवड्यांनी एक पानाचं पत्र आलं. सभेचं बोलावणं सभासदांना कोणत्या मार्गाने आणि किती दिवस आधी पाठवणार? सभेच्या ठरावांची नोंद कशी होणार, तिच्यावर सही कोणाची? कृपया स्पष्ट करावे.

माझी पहिली प्रतिक्रिया तुमचीही झाली असती: काय हे जर्मन लोक! आमचा व्हॉट्सअॅप गट आहे, तिथे टाकतो की. पण पत्र बाजूला ठेवून मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच मला दिसलं, की ‘आवश्यकता’ कोणाला भासायला हवी ते त्यात नाही. प्रत्यक्षात ती अध्यक्षांनाच भासणार. आणि ज्या दिवशी अध्यक्षांच्याच कारभाराबद्दल सभा हवी असेल, त्या दिवशी त्यांना ती भासणार नाही. जर्मन नागरी संहितेने यावर एक साधी तजवीज केली आहे. एक दशांश सभासदांनी कारण देऊन लेखी मागणी केली, तर सभा बोलवावीच लागते. घटनेत या प्रमाणाचा आकडा बदलता येतो, पण अल्पसंख्येचा हा हक्क पुसून टाकता येत नाही. ३८ माणसांत याचा अर्थ चार जण. चार नाराज माणसं एकत्र येऊन सगळ्यांना एका खोलीत बसवू शकतात. हे कलम मी वाचलं तेव्हा मला वाटलं, की घटनेचा जीव इथे आहे. बाकीची कलमं मंडळ सुरळीत चाललेलं असताना वाचली नाहीत तरी चालतं.

तिसरा शब्द ‘सर्वानुमते’. याच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही.

नोंदणीच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर आम्ही दहा-बारा जण काकांकडे बसलो होतो. मास्टर्स करायला आलेली एक मुलगी, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी गावात आलेली, म्हणाली, ‘गणपतीच्या वर्गणीतले किती उरले?’ आवाजात आरोप नव्हता. तिच्या हातात वही होती. पुढच्या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक करायचं काम आम्हीच तिला दिलं होतं. पण खोलीत शांतता पसरली. काकांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आणि मी, काकांच्या शेजारी बसलेली, हसून म्हणाले, ‘अगं, इथे आपण घरच्यासारखे आहोत.’ सगळे हसले. ती पण हसली. त्या बैठकीच्या टिपणात ओळ आहे: ‘जमाखर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ टिपण माझ्या अक्षरात आहे. संक्रांतीला ती आली नाही.

पुढे नोंदणीसाठी जुने हिशेब काढायची वेळ आली तेव्हा काकांनी एक डायरी आणून दिली. तारीखवार, नीटस. ती बेरजा करून पाहिली, तर दहा वर्षांत काकांनी पदरचे तीनशेहून अधिक युरो घातले होते आणि कोणाला चकार शब्द बोलले नव्हते. म्हणजे त्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्या रात्री मिळालं असतं, तर मुलगी राहिली असती आणि काकांचा मान वाढला असता. माझ्या ‘घरच्यासारखे’ने दोघांचं नुकसान केलं: तिला परकं ठरवलं, आणि काकांना उगाच संशयाच्या छायेत ठेवलं. मी तिला नंतर लिहिलं. तिचं उत्तर आलं, सौजन्याचं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती.

म्हणून ‘सर्वानुमते’ हा शब्द इतिवृत्तात दिसला की मला आता विचारावंसं वाटतं: मतं मोजली होती का? की ज्याचं मत वेगळं होतं तो हसून गप्प बसला? आमच्या घटनेत आता असं आहे, की ठरावावर हात वर करून मत घ्यायचं आणि बाजूने, विरुद्ध व तटस्थ असे तीन आकडे लिहायचे. शून्य असलं तरी शून्य लिहायचं.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, की नियमांनी काय होतं, माणसं चांगली हवीत. आमच्याकडेही हे म्हटलं गेलं, आणि डॉ. आंबेडकरांचा दाखला देऊन. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेब खरोखरच असं म्हणाले होते, की राज्यघटना कितीही चांगली असली, तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. पण हा दाखला देणारे एक गोष्ट सोडून देतात. हे वाक्य बोलणाऱ्या माणसाने त्याआधी ३९५ कलमांच्या घटनेच्या एकेका शब्दावर वाद घातले होते. माणसांवर सोडून भागणार असतं, तर त्यांनी तो खटाटोप कशाला केला असता? त्याच भाषणात त्यांनी भक्तीबद्दलही इशारा दिला आहे: धर्मात ती मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे नेते. आणि वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी ते म्हणाले होते, की घटनात्मक नीती ही माणसाची उपजत भावना नव्हे. ती जोपासावी लागते. माझ्या मते ती जोपासण्याची जागा दिल्लीत कमी आणि आपल्या चाळीस माणसांच्या सभेत जास्त आहे. हिशेब विचारणं म्हणजे अपमान नव्हे, हे जिथे चहा पिताना शिकता येतं, अशा जागा फार नसतात.

अमेरिकेतल्या वाचकांना ‘रॉबर्ट्स रूल्स’ हे नाव ओळखीचं असेल. तिकडच्या बऱ्याच संस्थांच्या घटनेत शेवटी त्याचा हवाला असतो. त्याचा कर्ता हेन्री मार्टिन रॉबर्ट हा लष्करातला इंजिनियर. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावात त्याला चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद दिलं गेलं, सभा कशी चालवायची ते त्याला ठाऊक नव्हतं आणि ती हाताबाहेर गेली. त्या फजितीतून अभ्यास सुरू झाला आणि १८७६ साली पुस्तक निघालं. त्या सभेतली माणसं वाईट होती म्हणून ती बिघडली नाही. एकाच वेळी दोघांनी बोलायचं नाही, एका वेळी एकच ठराव घ्यायचा, एवढंही ठरलेलं नसलं की चांगली माणसंसुद्धा एकमेकांवर ओरडू लागतात.

एवढं सगळं समजल्यावर मी दुसरा मसुदा लिहिला आणि दुसऱ्या टोकाला गेले. ३४ कलमं. शिस्तपालन समिती, तिच्यावर अपील समिती, निम्म्या सभासदांची गणपूर्ती, दुरुस्तीला एकूण सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांची अट. काकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बाई, ही घटना आहे की फिर्याद?’ त्यांचं बरोबर होतं. पहिल्या मसुद्याने सगळ्यांना घरचे मानलं होतं, दुसऱ्याने सगळ्यांना चोर. शिवाय तो आमच्या गावाला लागूही पडणारा नव्हता. इथली माणसं टिकत नाहीत. विद्यार्थी दोन वर्षांत जातात. माझ्यासारख्यांना डॉक्टरेटनंतर हंगामी करारांवर साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. निम्मे सभासद कधीच एका वेळी गावात नसतात. तेव्हा निम्म्यांची गणपूर्ती म्हणजे सभा कधीच न होण्याची हमी. जर्मन कायदा इथेही शहाणा वाटला: सभेला गणपूर्तीची सक्ती नाही, आणि घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश लागतात ते टाकलेल्या मतांपैकी. बोलावणं सगळ्यांना वेळेवर गेलं पाहिजे. मग जे येतील ते ठरवतील.

तिसरा मसुदा चार पानांचा झाला, १४ कलमांचा. विसर्जनाचं कलम मात्र कर खात्याने बदलायला लावलं. मंडळ बंद पडलं, तर उरलेली रक्कम सभासदांनी वाटून घ्यावी असं आम्ही लिहिलं होतं. सार्वजनिक हिताची संस्था म्हणून करसवलत हवी असेल, तर ते चालत नाही. पैसे तशाच दुसऱ्या संस्थेला किंवा कामाला जायला हवेत. मला आधी राग आला, मग पटलं. जे पैसे पुढच्यांसाठी जमवले, ते त्या दिवशी हजर असलेल्यांनी वाटून का घ्यावेत?

या सगळ्यातून मला घटना वाचायची एक रीत सापडली, ती तुमच्यापुढे ठेवते. ती संस्थापकाच्या खुर्चीतून वाचू नका. तुम्ही कालच या गावात आला आहात, कोणाला ओळखत नाही आणि तुमची एक शंका आहे, असं समजून वाचा. मला सभासद व्हायला कोणाची मर्जी लागते? शंका घेऊन सभा बोलवायची असेल, तर किती जणांच्या सह्या लागतात? हिशेब कोण तपासतं, आणि तो खजिनदाराहून वेगळा माणूस आहे ना? पदावरचा माणूस पद सोडत नसेल, तर काय करायचं? या चार प्रश्नांची उत्तरं कलमाचा आकडा सांगून देता आली, तर तुमची घटना चांगली आहे. मग तिची भाषा कितीही रुक्ष असो. देता आली नाहीत, तर उद्देशांचं कलम कितीही ओघवतं असलं, तरी ती नुसती सजावट आहे.

आमची घटना चांगली आहे, असं मी म्हणू शकते का? अर्धवट. तिच्यामुळे हॉल मिळाला, बँकेत मंडळाच्या नावाचं खातं उघडलं, आणि गेल्या वर्षी एका ठरावाला पाच मतं विरोधात पडली. इतिवृत्तात ‘५’ लिहिला गेला, आणि ते पाचही जण पुढच्या कार्यक्रमाला आले. काका आता हिशेब तपासनीस आहेत आणि एका सेंटलाही सोडत नाहीत. पण मूळच्या सात सह्यांपैकी चार जण गाव सोडून गेले आहेत. अकरावं कलम सांगतं, की पद सोडणाऱ्याने ३० दिवसांत सगळी कागदपत्रं, पासवर्ड आणि शिल्लक पुढच्याच्या हवाली करावी. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर डबा सांभाळणारे काका होते. आता ते मला लागू होतंय. मी चिटणीस आहे आणि माझा करार मार्चमध्ये संपतो. फाइल तयार आहे, यादी करून वर चिकटवली आहे. ती कोणाच्या हातात द्यायची, हे मात्र अजून ठरलेलं नाही. सभेचं बोलावणं काल गेलं, १४ दिवस आधी, लेखी.